गेरूची फुली

१

घराला हातोडा लागला की घरातले सगळे एकाएकी इंजिनिअर होतात. अवंतीकुंजमध्ये तर बारा बिऱ्हाडं होती, म्हणजे किती इंजिनिअर झाले असतील ते तुम्हीच समजून घ्या. उज्जैनच्या माधव नगरातली जुनी चार मजली इमारत. पाइप सडलेले, भिंतींना ओल, आणि राहणारे बहुतेक मराठी, कोणी रेल्वेतून रिटायर, कोणी बँकेतून. सगळ्यांनी मिळून इमारत आतून नवी करायची ठरवली, सामान आवरलं, आणि कोणी भाड्याच्या घरात, कोणी नातेवाइकांकडे राहायला गेले, एक तळमजल्याचे भय्यासाहेब सोडून. काम मिळालं भार्गवी सरमंडलला.

भार्गवी चाळिशीची. आवाज असा, की तिसऱ्या मजल्यावर बोलली तर रस्त्यावरचा भाजीवाला मान वर करायचा. वडील गेल्यावर आई खचून घरात बसली, त्यांची ठेकेदारी भार्गवीनं एकटीनं ओढली, आणि धाकटा भाऊ आल्हाद तेव्हा शाळेत होता, त्यालाही तिनंच मोठं केलं. आता तो साइटवर तिच्या हाताखाली काम बघायचा. तोंडानं ती त्याला दिवसभर धारेवर धरायची, पण त्याला यायला जरा उशीर झाला की तिचा जीव खालीवर व्हायचा. लग्न तिनं केलं नाही, मैत्रिणी मागे राहिल्या. आल्हाद सुखरूप असला की तिला बाकी काही कमी वाटत नसे.

तर बारा मालक. सकाळी पोहे खाऊन झाले की एकेक जण साइटवर चक्कर मारायला यायचा आणि थेट मजुरांना हुकूम सोडायचा. नवरा म्हणे ही भिंत पाडा, बायको म्हणे पाडली तर याद राखा. वरच्या मजल्याचे काका खालच्या मजल्यावर काय तोडायचं ते सांगून जात. मजूर बिचारे गोंधळलेले. एक दिवस नको ती भिंत पडली, मोठा तमाशा झाला, आणि भार्गवीचं डोकं फिरलं. तिनं सगळ्यांना तळमजल्यावर गोळा केलं.

"सुनो सब," ती म्हणाली. "जिस चीज़ पे मेरे हाथ का निशान, वो टूटेगी। जिसपे नहीं, वो नहीं टूटेगी। मालिक लोग कुछ भी बोलें, सुनना नहीं। और निशान दिखे तो पूछना नहीं।"

निशान म्हणजे गेरूची लाल फुली. सिंहस्थासाठी रस्ते रुंद होत होते, अर्ध्या शहराच्या घरांवर तशा लाल खुणा पडलेल्याच होत्या. लाल खूण म्हणजे पाडायचं, हे उज्जैनमध्ये कोणाला शिकवायची गरज नव्हती.

गोवर्धन मुकादम देवासकडच्या एका गावचा, शांत, पान खाणारा माणूस. त्याच्या माणसांना त्यानं कधी शिवी दिलेली कोणी ऐकली नव्हती. तो म्हणाला, "तो फिर सौगंध हो जाए दीदी। पर सबकी। आपकी भी।"

तिथेच मोठा घण पडला होता, काम सुरू करताना त्याची पूजा झाली होती तो. सगळ्यांनी त्यावर हात ठेवले. भार्गवीनंही ठेवला. आल्हाद मागे भिंतीला टेकून हसत होता. "मला कशाला ग यात ओढतेस?" तो म्हणाला. तिनं त्याचं मनगट धरलं आणि त्याचा तळवा स्वतःच्या हातानं त्या लोखंडावर दाबला. घण गार होता. गोवर्धननं तिचेच शब्द शपथेसारखे पुन्हा म्हटले आणि सगळे त्याच्यामागून म्हणाले.

त्यानंतर काम असं चाललं, की मालकांनी डोकं आपटलं तरी एकही मजूर त्यांच्याकडे बघायला तयार नाही. भार्गवी खूश होती.

२

पहिली गडबड झाली ती अश्विनीबाई दिघ्यांच्या स्वयंपाकघरात. त्यांचा काळ्या दगडाचा ओटा. "बाकी काय वाटेल ते कर, पण माझ्या ओट्याला हात लावायचा नाही," असं त्या भार्गवीला चारचारदा सांगून गेल्या होत्या, आणि भार्गवीनं तो सोडून बाकी सगळ्यावर फुल्या मारल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बघते तर ओट्याचा चुरा. एकही धड तुकडा उरलेला नाही, म्हणजे तोडून झाल्यावरही कोणीतरी तो कुटत बसलं होतं.

"गोवर्धन, ये किसने किया?"

"हमने किया दीदी। निशान था।"

"मैंने लगाया ही नहीं।"

गोवर्धननं ढिगाऱ्यात हात घालून दगडाची त्यातल्या त्यात मोठी कपची शोधली, शर्टाला पुसली आणि तिच्यापुढे धरली. त्यावर फुलीचा एक पाय होता. भार्गवी डावखुरी. तिच्या फुलीची दुसरी रेघ खाली लांब जायची आणि शेवटी जरा वर वळायची. आल्हाद लहानपणापासून तिला चिडवायचा, की तुझी फुली शेपूट हलवते. कपचीवरची रेघही शेवटी वर वळलेली होती.

अश्विनीबाईंनी जो काही दंगा केला तो भार्गवीनं खाली मान घालून ऐकला. आपलीच चूक असणार. दिवसभरात इतक्या फुल्या मारायच्या, हात चालत राहतो, डोकं दुसरीकडे असतं. आल्हाद म्हणाला, "ताई, दिमागाचं दही झालंय तुझं. दोन दिवस घरी झोप, मी बघून घेतो." तिनं त्यालाच झापलं.

संध्याकाळी मजूर गेल्यावर ती एकेक खोली तपासत फिरली. दारं काढून ठेवली होती, त्यामुळे एका खोलीत उभं राहिलं की पुढच्या तीन खोल्या दिसायच्या, आणि आपलंच पाऊल पुढच्या खोलीत वाजल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या मजल्यावर विजेच्या चालू बोर्डावर तिला एक फुली सापडली. ही तर तिनं नक्कीच मारली नव्हती. चालू बोर्डावर फुली मारायला ती काय वेडी होती? तिनं ओढणीचं टोक भिजवलं आणि पुसली. साधा गेरू, लगेच निघाला. कोणीतरी मस्करी करतंय, असं तिनं ठरवलं आणि जिना उतरली.

सकाळी तो बोर्ड फुटलेला होता. ज्यानं फोडला त्याचे तळहात कोळशासारखे काळे पडले होते आणि दोघे जण त्याला धरून पाणी पाजत होते.

"पण फुली पुसली होती मी," भार्गवी मराठीतच बोलून गेली.

"निशान तो था दीदी," तो मजूर थरथरत म्हणाला. "कल शाम को देखा था।"

३

गच्चीवर विटांची जुनी पाण्याची टाकी होती. ती राहणार होती. सगळ्या साइटला पाणी तिच्यातूनच येत होतं, आणि त्या दिवशी ती काठोकाठ भरलेली होती.

भार्गवी तळमजल्यावर प्लंबरशी बोलत होती. वरून घणाचे ठोके येत होते. ठोक्यांकडे तिचं लक्ष नव्हतं, साइटवर ठोके असायचेच. मग ठोके थांबले, आणि जिन्यातून एक आवाज खाली येऊ लागला. ट्रकमधून रेती ओततात तसा. प्लंबरला काहीतरी कळलं असावं, त्यानं तिला बाजूला ओढलं. पाणी वळणावर भिंतीला आदळलं आणि विटा, माती, घमेली घेऊन खाली कोसळलं.

त्या पाण्यात मीना होती. मलबा उचलणारी बाई, डोक्यावर घमेलं घेऊन जिना उतरत होती. ती प्रत्येक पायरीला आपटत आली. शेवटच्या पायरीच्या कडेला तिचं कपाळ लागलं तो आवाज भार्गवीनं त्या गोंगाटातही वेगळा ऐकला. पाणी ओसरलं तेव्हा मीनाचे डोळे उघडे होते आणि कपाळाची कातडी केसांच्या बाजूला सरकली होती. ती वाचली, पण ती वाचेल असं त्या वेळी तिथल्या कोणालाही वाटलं नव्हतं.

आल्हादनं तिला उचललं आणि रिक्षात घातलं. भार्गवी गच्चीवर धावली. गोवर्धन आणि त्याची दोन माणसं फुटलेल्या टाकीपाशी उभी होती. चेहरा पुसत होती. भार्गवीला राग यायला हवा होता, पण आधी भीती वाटली, कारण त्यांचे चेहरे अगदी निवांत होते. दिवसभराचं काम संपवून हातपाय धुतलेल्या माणसांचे असतात तसे.

"भरी हुई टंकी?" ती म्हणाली. "नीचे लोग थे, गोवर्धन।"

"निशान था," तो म्हणाला. मग हळूहळू त्याचा चेहरा बदलला. त्यानं घण खाली ठेवला, जिन्याकडे पाहिलं, पाण्याबरोबर गेलेल्या लाल ओघळाकडे पाहिलं. "दीदी, ये मैंने किया?"

त्याच दिवशी तिनं साइटवरचा सगळा गेरू गोळा केला आणि नाल्यात टाकला. हात धुताना नखांत लाल दिसलं, पण दिवसभर विटा हाताळणाऱ्या बाईच्या नखांत लाल असणारच. तिनं ब्रशनं घासून घासून काढलं. मग गोवर्धनला सांगितलं, आजपासून निशान बंद, मी तोंडानं सांगेन तेच करायचं.

"हाँ दीदी," तो म्हणाला. जागचा हलला मात्र नाही. "पर सौगंध वापस कैसे लेते हैं, वो भी बता दो।"

"फालतू बात मत करो," ती म्हणाली.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाची सुट्टी होती. भार्गवी पहिल्या मजल्यावर उरलेलं सामान बघत होती. वरून ठोके आले. लहान हातोडीचे, एका लयीत, मधे न थांबता. सुट्टीतही कोणीतरी काम करतंय म्हणून तिला क्षणभर बरंच वाटलं. कालच्या प्रकारानंतर माणसं पुन्हा कामाला लागली म्हणायची.

ठोक्यांचा आवाज मात्र विटेचा नव्हता, आणि दगडाचाही नव्हता. आधी जरा टणक होता, मग मऊ होत गेला. ओल्या फडक्यावर मारल्यासारखा. ती जिना चढू लागली. मजूर जेवताना बडबड करतात, आज कोणीच बोलत नव्हतं.

खोलीत गोवर्धन उकिडवा बसला होता. डावा हात त्यानं दाराच्या दगडी उंबऱ्यावर पसरून ठेवला होता आणि उजव्या हातानं तो त्यावर हातोडी मारत होता. मनगटापासून पुढे हात राहिला नव्हता. उंबऱ्यावर जे होतं त्यात कुठे नख होतं, कुठे पांढरं हाड. त्या हातावर आधी काय काढलेलं होतं ते दिसण्याची सोय उरली नव्हती. त्याची माणसं भिंतीला टेकून बसली होती. त्यांच्या मांडीवर डबे होते, हातात पोळ्या होत्या, आणि ती जेवत जेवत त्याच्याकडे बघत होती, शेजारचा गवंडी सरळ रेषेत विटा लावतोय ते बघावं तशी. एकानं चावता चावता मान हलवली. कौतुकानं.

"गोवर्धन," भार्गवी म्हणाली.

आणखी एक ठोका पडला. मग त्यानं हातोडी बाजूला ठेवली, उंबऱ्यावर फुंकर मारली, आणि त्यानंतर तो ओरडू लागला. त्याच्याबरोबर सगळेच ओरडू लागले. कोणाच्या हातातली पोळी खाली पडली, कोणी भिंतीकडे तोंड करून ओकलं. भार्गवीनं ओढणी काढून त्या हाताभोवती गुंडाळली. गुंडाळताना आत काही घट्ट लागत नव्हतं.

दवाखान्यात गोवर्धननं सांगितलं की घण निसटून हातावर पडला. त्याच्या माणसांनीही तेच सांगितलं. भार्गवी तरी दुसरं काय सांगणार होती? संध्याकाळी ती सगळी माणसं देवास गेटच्या स्टँडवरून बसनं गावी निघून गेली. हत्यारं घ्यायलाही कोणी इमारतीत परत आलं नाही.

रात्रभर तिनं स्वतःला समजावलं. नशापाणी केलं असेल. कसल्या तरी केमिकलची वाफ डोक्यात गेली असेल. एकाच गावची माणसं, एकाला झालं ते सगळ्यांना झालं. ती गेली, आता ब्याद टळली. आल्हाद शेजारच्या खोलीत घोरत होता, आणि ते घोरणं ऐकत ऐकत तिला शेवटी झोप लागली.

५

अवंतीकुंजमधून एकच माणूस हललं नव्हतं, तळमजल्याचे भय्यासाहेब. एकटे, पंच्याहत्तरी ओलांडलेले. सरदारांच्या पदरी होतो आम्ही, धुळीला काय घाबरायचं, असं म्हणून ते दाराला चादर लावून आतच राहिले होते. सकाळी भार्गवी त्यांना सांगायला गेली, की काम बंद आहे, तुम्हीही आता पुतणीकडे जा.

"जाईन ग. आधी चहा तर घे," भय्यासाहेब म्हणाले. ते त्यांच्या लाकडी खुर्चीत बसले होते. "तू आपल्या वडिलांवर गेलीस बिल्कुल. ते पण असेच दारातूनच बोलत राहायचे."

ती बसली. चहाचा कप घ्यायला त्यांनी खुर्चीच्या हातावरून आपला हात उचलला. खाली फुली होती.

रेघ खाली लांब गेलेली आणि शेवटी वर वळलेली. भार्गवीच्या मनात आलं ते हेच, की पुसून टाकावी. तिनं पाण्याचा पेला ओढला, रुमाल भिजवला. इथपर्यंत ती पुसणारच होती.

तिला नंतर काही आठवलं नसतं तर बरं झालं असतं. पण तिला सगळं आठवत होतं. ओट्यावरून लोखंडी बत्ता उचलताना आपण त्याचं वजन बघितलं आणि हा चालेल असं वाटलं, ते आठवत होतं. भय्यासाहेबांनी हात परत खुर्चीवर ठेवला होता तेही दिसलं होतं. त्यानं काही फरक पडत नव्हता. ते काहीतरी बोलत होते. लाकूड चांगलं होतं, जुनं सागवान, दोनचार घावांत मोडणारं नव्हतं. मधे मधे लाकडाखेरीज दुसरं काही बत्त्याखाली येत होतं. आणि आत, छातीत, इतकी शांतता होती, इतकं सगळं जागच्या जागी होतं, की असं तिला वडील गेल्यापासून एकदाही वाटलं नव्हतं.

खुर्चीचा चुरा झाला तेव्हा ती थांबली. भय्यासाहेब जमिनीवर पडले होते. त्यांचा हात कोपराखाली जिथे वाकायला नको तिथे वाकला होता.

"भार्गवी," ते हळू आवाजात म्हणाले, रागावून नाही, "हात काढू दे म्हणत होतो मी. तू ऐकूनच घेत नव्हतीस ग."

बत्ता तिच्या हातातून सुटला. तिनं आल्हादला फोन लावला, आणि तो येईपर्यंत ती दाराबाहेर उकिडवी बसून राहिली. गावाकडची माणसं, नशा, वाफ, रात्री जमवलेलं सगळं आता उपयोगाचं नव्हतं. घणावर ज्यांनी हात ठेवले होते त्यांचं हे होत होतं. मजुरांचे हात होते. गोवर्धनचा होता. तिचा होता. आणि आल्हादचा होता, तो नको म्हणत असताना तिनं धरून ठेवलेला.

६

आल्हाद भय्यासाहेबांना रिक्षानं दवाखान्यात घेऊन गेला. "पडले ते," भार्गवी त्याला म्हणाली, आणि भय्यासाहेब काही बोलले नाहीत. ती सोबत गेली नाही. त्या म्हाताऱ्याशेजारी बसायची तिची हिंमत नव्हती.

बऱ्याच वेळानं फोन वाजला. भय्यासाहेबांची पुतणी मानसी. प्लास्टर घातलं, काका झोपलेत, आल्हाददादांची खूप मदत झाली, ते आत्ताच माझी स्कूटर घेऊन तुम्हाला आणायला निघालेत. "आणि हो ताई," मानसी म्हणाली, "त्यांच्या शर्टाला मागे लाल रंग लागलाय. फुलीसारखं काहीतरी आहे. जाताना सांगायचं राहून गेलं. धुवायला टाका लगेच, डाग बसेल नाहीतर."

भार्गवी फोन हातात धरून उभी राहिली. ती फुली तिनं अजून पाहिलेली नव्हती. पाहिली नव्हती म्हणूनच तिला अजून वाईट वाटत होतं, भीती वाटत होती, आल्हाद आल्हाद असं आतून होत होतं. एकदा नजरेला पडली की यातलं काहीच उरणार नाही, हे तिला सकाळीच कळून चुकलं होतं. तिनं त्याला फोन लावला. तो उचलेना. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, ही सवय तिनंच त्याला लावली होती. तिनं पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग ती गेटकडे धावली, निघून जावं म्हणून, कुठेही, आणि तेवढ्यात गेटवर स्कूटर थांबल्याचा आवाज आला.

ती उलटी फिरली आणि जिना चढली. पहिला मजला, दुसरा. लपायला कुठे दार नव्हतं, सगळी दारं काढलेली. खोल्याखोल्यांत मजुरांची हत्यारं पडलेली. तिनं घण ओलांडला, छिन्न्या ओलांडल्या. तिसऱ्या मजल्यावर शेवटच्या खोलीत जाऊन तिनं ओढणी डोळ्यांवर घट्ट बांधली, समोरच्या भिंतीला तोंड लावलं आणि दोन्ही तळहात भिंतीवर टेकले.

"ताई?" खालून हाक आली. "ए ताई, कुठे जाऊन बसलीस?"

तो एकेक खोली बघत वर आला. चपलांखाली मलबा करकरत होता. मग तो या खोलीच्या तोंडाशी आला आणि हसला.

"हे काय? आंधळी कोशिंबीर?"

"आल्हाद, तिथेच थांब," ती भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली. "पुढे येऊ नकोस. शर्ट काढ आणि तिथेच टाक. मग खाली जा आणि घरी जा. मला काही विचारू नकोस."

"बरी आहेस ना तू?"

"तुझ्या पाया पडते मी. जा."

ती कधी असं बोलली नव्हती. तो चपापला असावा, कारण त्याचं हसणं थांबलं. बटणं काढल्याचा आवाज आला, कापड खाली पडल्याचा आला. "बरं बाई, जातो," तो म्हणाला. "तुला डॉक्टरकडे न्यायला पाहिजे, आईला सांगतो मी." पावलं वळली. करकर करत एका खोलीपलीकडे गेली. भार्गवीनं श्वास सोडला. ओढणीआड तिचे डोळे भरून आले होते. गेला. वाचला.

पावलं थांबली. मग ती परत आली, सावकाश.

"ताई," आल्हाद म्हणाला. "तुझ्या पाठीवर..."

त्याचं वाक्य तिथेच राहिलं. ती वाट बघत होती, पण त्यानं ते पुरं केलं नाही. खोलीत फक्त त्याचा श्वास होता, लांब, संथ, लहानपणी गाढ झोपेत असायचा तसा. मग त्याची पावलं शेजारच्या खोलीकडे गेली, आणि लोखंड फरशीवरून ओढत आणल्याचा आवाज येऊ लागला. जड होतं. त्यानं ते दोन्ही हातांनी ओढत आणलं असणार.

ओढणी खेचून काढावी, वळावं, त्याच्या कानशिलात ठेवून द्यावी, एवढंच करायचं होतं. तो तिच्यापेक्षा उंच असला तरी तिला आवरला असता. पण त्यानं शर्ट काढला होता, आणि फुली शर्टावरच होती की खाली अंगावरही होती, ते तिला माहीत नव्हतं. वळली आणि दिसली, तर? पायाशी छिन्नी होती, आत्ता आत येताना तिनं ती ओलांडली होती. तिला भय्यासाहेबांच्या खुर्चीपाशी वाटलेली ती शांतता आठवली.

तिनं बोटं पसरून भिंतीवर आणखी घट्ट दाबली. प्लास्टर गार होतं. मागे लोखंड जमिनीवरून उचललं गेलं.

"आल्हाद," ती म्हणाली. आवाज तिनं रोजच्यासारखा ठेवला, रागावल्यासारखा. "झालं की हात धू आणि सरळ घरी जा. आई जेवायची थांबली असेल."

"हो ताई," तो म्हणाला.